आजोबांची डिस्पोजलची जीप १९९७ पासून उभी आहे, खरी मिलिटरी विलिस आहे का आणि सुरुवात कुठून करू?

उसाचा_फड

नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं नुसता वाचतोय इथे, लिहितोय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या.

कराडजवळ गाव आमचं. आजोबा ईएमईत (सैन्याच्या गाड्या, यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) होते, पेन्शनीत आल्यावर ६८ साली डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्याने काढून टाकलेल्या मालाच्या, लिलावात एक जीप घेतली त्यांनी. मग ती कारखान्यावर जायला, खताची पोती आणायला, वरातीला, विसर्जनाला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, सगळ्यालाच. माझ्या वडिलांचं लग्न त्याच जीपमधे झालंय असं म्हणायला हरकत नाही. आजोबा ९७ ला गेले आणि तेव्हापासून ती गोठ्यामागच्या शेडमधे उभी. वर पाचट, बाजूला कडबा, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

आता मुद्दा असा की गावातले सगळे तिला "मिलिटरीची विलिस" म्हणतात, पण परवा एक जण आला तो म्हणाला ही महिंद्राच आहे, नुसता बोर्ड बदललाय. भंगारवाला ४५ हजार द्यायला तयार आहे आणि वडील जवळजवळ हो म्हणून बसलेत. धाकट्या भावाला त्यात डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि हे एवढे मोठे टायर टाकून रीलसाठी वापरायचीय. मला ती आजोबांनी चालवली तशी चालू करायचीय, बाकी काही नको.

तर खरी आहे का कशी ओळखायची, इंजिन जाम आहे (हँडल मारलं तर ढिम्म हलत नाही) त्याला काय करायचं, पेपरचं काय आणि रंग तोच मिलिटरीचा हिरवा मारायचा विचार आहे तर कुठला शेड घेऊ?

ता.क. काल पुढचं डावं चाक काढायला गेलो, नट इतके गंजलेत की पान्याला चार फुटी पाइप लावून मी आणि भाऊ दोघं त्यावर उभे राहिलो तर कट् कट् करून दोन स्टडच तुटले. हे असं होतं का सगळ्यांचं?

कार्बोरेटर_काका

अरे बाबा, पाइप खाली ठेव आधी. डावीकडच्या चाकांना उलटे आटे असतात त्या जीपला! उजव्या बाजूचे नट नेहमीसारखे, डाव्या बाजूचे उलट, म्हणजे आपण ज्याला घट्ट करणं म्हणतो त्या दिशेला फिरवलं की सुटतात. तुम्ही दोघांनी मिळून पाइपवर उभं राहून ते नट अजून आवळलेत. स्टडच्या तोंडावर घासून बघ, एल दिसतो का. वाईट वाटून घेऊ नकोस, मी स्वतः १९९९ साली तीन तोडलेत आणि माझ्या शेजारी तेव्हा एक नावाजलेला मेकॅनिक उभा होता.

आणि चाक निघालं की रिम बघ. दोन भाग नटांनी जोडलेले असतील तर ती मिलिटरीची कॉम्बॅट रिम. हवा पूर्ण काढल्याशिवाय, व्हॉल्व्हची पिन सुद्धा काढून टाकल्याशिवाय, रिमच्या त्या नटांना हात लावायचा नाही. हे गमतीत सांगत नाहीये, हवा असताना ते सोडले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा येतो अंगावर.

आता ओळख. युद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलिसने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू, १९४१ ते ४५, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. डिझाइन एकच, पार्ट एकमेकांना बसलेच पाहिजेत अशी सैन्याची अटच होती. त्यामुळे लांबून फरक कळत नाही, आडवं पडून बघावं लागतं. रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या खाली चेसीची जी आडवी पट्टी आहे ती बघ. गोल पाइप असेल तर विलिस. उलट्या यू सारखी चौकोनी असेल तर फोर्ड. चेसी नंबर विलिसचा असतो डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे, छोट्या पट्टीवर रिव्हेट केलेला, आणि फोर्डने नंबर थेट डाव्या दांडीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. तारेचा ब्रश आणि डिझेल घेऊन बस निवांत, ग्राइंडर लावू नकोस, ग्राइंडर लावलास तर नंबरच जाईल आणि मग तुला आरटीओ पण वाचवणार नाही. फोर्डची अजून एक गंमत म्हणजे हेन्री फोर्डच्या माणसांनी जमेल तिथे बोल्टच्या डोक्यावर सुद्धा एफ छापलाय.

वरची बॉडी बघायची तर ग्रिलच्या फटी मोज. युद्धातल्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ, विलिसच्या नंतरच्या सिव्हिल मॉडेलला, म्हणजे सीजेला, सात. पेट्रोल कुठून भरतात? ड्रायव्हरची सीट उचलून भरत असाल तर मिलिटरी बॉडी, बाहेरून झाकण असेल तर सिव्हिल. मागे फाळका उघडतो का? मिलिटरीला उघडत नाही, तिथे स्टेपनी आणि जेरीकॅन. हेडलाइट विंगनट सोडून आतल्या बाजूला फिरतात का ते पण बघ, रात्री इंजिनवर उजेड पाडायला केलेली सोय आहे ती, मला त्या गाडीतली सगळ्यात आवडती गोष्ट.

स्टिअरिंग डावीकडे आहे म्हणजे युद्धातली, हा मात्र गैरसमज. महिंद्राने विलिसची जीप चाळीसच्या दशकाच्या शेवटी माझगावला जोडायला घेतली आणि त्यांच्याही गाड्या कित्येक वर्षं लेफ्ट हँडच होत्या, मागे मोठ्या अक्षरात तसं रंगवलेलं असायचं, आठवत असेल जुन्या लोकांना. बॉनेट उंच आणि डब्यासारखं असेल तर ती युद्धानंतरची सीजे थ्रीबी, मग युद्धाचा विषयच संपला.

इंजिनचं नंतर लिहितो, सून जेवायला बोलावतेय.

बायको_म्हणते_भंगार

धागा वाचनखूण साठवला 😄

४५ हजारात अजिबात देऊ नका साहेब, भंगारवाला लोखंडाच्या भावाने नाही घेत आहे ती, त्याला माहितीय काय आहे ते.

स्पेअरबद्दल माझा अनुभव सांगतो. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार रविवार फेऱ्या मारल्या दोन वर्षं, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या पालथ्या घातल्या, चोरबाजारात एक "ओरिजिनल" जेरीकॅन घेतला तो घरी येऊन घासला तर खाली प्लास्टिक पेंटचा डबा कापून केलेला तळ निघाला. दिल्लीला मायापुरीत जास्त माल मिळतो पण तिथे तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही बोलायच्या आधी चेहऱ्यावरून कळतं त्यांना आणि भाव वाढतो. ज्यांना हरियाणातल्या डबवालीच्या मॉडिफाय जीपा आवडतात त्यांना आवडोत, पण तिथून नवीन बॉडी आणून त्यावर जुना चेसी नंबर लावून "१९४३ ओरिजिनल" म्हणून विकणारे लोक पण आहेत, तेव्हा घेतानाच नव्हे तर विकतानाही लक्ष ठेवा कोण काय काढून नेतोय. माझ्या गाडीचे हेडलाइटचे ब्रॅकेट पेंटिंगला दिली तेव्हा गेले. पेंटर म्हणतो नव्हतेच.

आणि बॉडी सँडब्लास्ट करायला देऊ नका. पत्रा पातळ असतो, वाळूच्या माऱ्याने पापडासारखा वाकतो, मग त्यावर लांबी (पुट्टी) भरत बसा किलोकिलोने. चेसी करा हवी तर, पत्र्याला हाताने घासा.

कागदोपत्री

रंगाचं आधी बोलतो कारण हे कोणीच सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याची गाडी सोडून दुसऱ्या कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग मारता येत नाही. शेतीच्या ट्रॅक्टरला सूट आहे, जीपला नाही. म्हणजे गंमत बघा, गाडी मिलिटरीची, आजोबा मिलिटरीचे, आणि रंग तेवढा मिलिटरीचा चालत नाही. नंबरप्लेटवर बाण काढणं तर अजिबातच नको, तो लष्कराच्या गाड्यांचा आहे. लोक रॅलीला मारून जातात, फोटो टाकतात, सगळं खरं, पण हायवेला कोणी अडवलं तर तुमच्या बाजूने काही नाही. वाळूसारखा पिवळट किंवा राखाडी मारा आणि आरसीवर रंग बदलून घ्या.

आता नोंदणी. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आलेत, ८१ए पासून पुढे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी पाहिजे, तुमची ६८ ची असेल तर बसते. नवीन व्हिंटेज नोंदणीला २० हजार फी, १० वर्षं चालते, पुढे परत करायला ५ हजार. नंबरमधे राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, पण जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो आणि मी तरी ठेवाच म्हणेन, त्या तीन अक्षरी नंबरची मजा व्हीएला नाही. मात्र व्हिंटेजमधे गेलात की रोजच्या वापराला आणि धंद्याला गाडी बंद. रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला जाणं एवढंच. भाजी आणायला गेलात तर नियम मोडला.

आणि भावाला हे वाचून दाखवा: गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा असं नियमातच लिहिलंय. डिझेल इंजिन बसवलं की व्हिंटेजचं दार बंद, आणि परवानगी न घेता बसवलं तर साध्या नोंदणीचं पण बंद.

सगळ्यात आधी आरसी बुक शोधा. ते सापडेपर्यंत बाकीचं सगळं बोलणं हवेत. ट्रंक, देवघर, विम्याची जुनी पाकिटं, सगळं उपसा.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय, मूळचा मिरजेचा. माझ्याकडे एक ४४ ची फोर्ड आहे, क्लबात जातो, केंटला मोठा मेळावा भरतो तिथे दरवर्षी चार दिवस तंबू टाकून बसतो, त्यामुळे दोन शब्द.

इकडे ४० वर्षं झाली की रोड टॅक्स आणि वार्षिक तपासणी दोन्हीतून सूट आहे आणि हिरवा रंग तर झाडून सगळे मारतात, कोणी काही म्हणत नाही. पण त्याची भरपाई लोक एकमेकांना छळून करतात. माझ्या बंपरच्या एका बोल्टवर एफ नाही म्हणून एका म्हाताऱ्याने मला वीस मिनिटं ऐकवलंय, त्याच्या हातात टॉर्च होता आणि तो चिखलात आडवा झालेला.

मला त्याला सांगावंसं वाटलं की बाबा रे, ज्या सैन्यासाठी ही गाडी बनवली त्यांनीच हा नियम पाळला नाही. मागच्या फळीच्या वर्कशॉपमधे दहा जीपा यायच्या, सगळ्या सोडवायच्या, इंजिनांचा एक ढीग, गिअरबॉक्सचा एक ढीग, आणि सातआठ चालू गाड्या बाहेर. विलिसच्या चेसीवर फोर्डची बॉडी, फोर्डमधे विलिसचं इंजिन. फ्रेंच सैन्याने तर युद्धानंतर पॅरिसजवळच्या डेपोत वर्षानुवर्षं हेच केलं आणि मग हॉचकिस कंपनीने तिकडेच लायसन्सवर जीप बनवायला घेतली, त्यांचेही पार्ट त्याच ढिगात. तेव्हा उसाचा_फड, तुमची निघाली खिचडी तर नाराज होऊ नका. आजोबा ईएमईतले होते म्हणताय म्हणजे खिचडी कशी करायची हे त्यांना सरकारनेच शिकवलंय.

नगरी

थेम्सकाठी यांच्याशी अर्धा सहमत. खिचडी ठीक आहे पण मग "१९४४ ची विलिस" असं बॉनेटवर लिहू नका एवढंच म्हणणं.

जमलं तर आमच्याकडे नगरला येऊन रणगाडा संग्रहालय बघून जा, १९९४ पासून आहे, आर्मर्ड कोअरवाल्यांचं. जीपसाठी नाही, डोळा तयार व्हायला. सिल्व्हर घोस्टच्या चेसीवरची रोल्स रॉइस चिलखती गाडी आहे, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, पॅटन. जुनं लोखंड उघड्यावर कसं टिकवतात आणि कुठे टिकत नाही ते दोन्ही दिसतं. पाणी साचायच्या जागा बघा, तुमच्या जीपमधे पण तिथेच गंज असणार, सीटखाली आणि टूलबॉक्सच्या तळाला.

कार्बोरेटर_काका

हं, इंजिन. साइड व्हॉल्व्ह चार सिलिंडर, २१९९ सीसी, साठ हॉर्सपॉवर, इतकं साधं आहे की त्याला जाम करायला पण मेहनत लागते. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं ओत आणि विसरून जा. आठ दिवसांनी परत ओत. हेड काढलंस तरी चालेल, या इंजिनाच्या हेडमधे व्हॉल्व्ह नसतात, ते खाली ब्लॉकमधे बसलेत, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण आहे आणि पाच मिनिटांत कळतं कुठला सिलिंडर गंजलाय आणि कुठला व्हॉल्व्ह उघडा राहून चिकटलाय. पंधरा दिवसांनी पुढून हँडल लावून हलकेच, पुढे थोडं, मागे थोडं. पोराटोरांना घेऊन ढकलस्टार्ट किंवा ट्रॅक्टरने ओढायचं नाही! ओढून चालू करायला गेलास तर रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. एका लेथवाल्याने माझ्या ब्लॉकचं एक बोअर वाकडं मारून ठेवलं होतं, ते निस्तरायला स्लीव्ह बसवण्यात एक अख्खा पावसाळा गेला, तेव्हा ब्लॉक कोणाच्याही हातात देऊ नकोस.

पण खरं सांगू का, इंजिन चालू करायच्या आधी ब्रेक कर. सगळे उलटं करतात. इंजिन लागलं की माणसाला राहवत नाही, शेडमधून बाहेर काढतो, उतारावर पाय मारतो आणि पॅडल फरशीला टेकतं. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, २५ वर्षांत चाकाचे सिलिंडर आतून गंजून चिकटलेले असणार, रबरी नळ्या आतून फुगून बंद झालेल्या असणार. एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचं गेलं. चारही सिलिंडर, मास्टर, सगळ्या नळ्या नवीन. हँडब्रेकवर विश्वास ठेवू नकोस, तो नवीन असताना पण नुसता धीर द्यायलाच होता.

पेट्रोलचं. टाकी सीटखाली आहे, उतरव, आतली जुनी डिंकासारखी घाण काढ, मूठभर खडी आणि व्हिनेगर टाकून खुळखुळव. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉल येतं, ते जुन्या पंपाच्या रबरी पडद्याला खातं आणि टाकीत पाणी धरतं. इथेनॉल चालेल असा पडदा टाक आणि महिना महिना उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे कर. एप्रिल मेमधे पेट्रोलची वाफ होऊन बंद पडली तर नळीला लाकडी कपड्यांचे चिमटे लाव पाचसहा. हसू नका, अमेरिकेत पण लावतात.

लाइट सहा व्होल्टचा आहे. बारा करायचा मोह होईल, कर हवं तर, पण आधी जुन्या जाड वायरी बदलून, अर्थिंगची जोडणी घासून बघ. निम्म्या वेळा सहा व्होल्ट वाईट नसतं, अर्थिंग वाईट असतं.

उसाचा_फड

महिन्याभराने लिहितोय, मधे तोडणी चालू होती, हात लावायला वेळ नव्हता.

सगळ्यांना धन्यवाद, निकाल असा. आडवी पट्टी चौकोनी! डाव्या दांडीवर तीन संध्याकाळ डिझेल आणि ब्रश घेऊन बसलो, आधी एक चांदणी दिसली, मग जीपीडब्ल्यू आणि आकडे, शेवटचे दोन गंजाने खाल्लेत पण बोटाला लागतात. म्हणजे चेसी फोर्ड. पण ग्रिलच्या फटी सात, पेट्रोलचं झाकण बाहेर, फाळका उघडतो, आणि इंजिन नंबर जे ने सुरू होतो, म्हणजे ते पण सिव्हिल. म्हणजे खाली युद्ध आणि वर सगळी सिव्हिल. जो म्हणाला महिंद्रा तो पण थोडा बरोबर आणि गाव पण थोडं बरोबर.

आरसी आजीच्या ट्रंकेत सापडलं, तिच्या शालूच्या घडीत. मेक विलिस, साल १९४४, आणि इंजिन नंबर तोच जे वाला, म्हणजे आजोबांनी नोंदवली तेव्हाच ती अशी होती. कागदोपत्री साहेब, हे चालेल ना? रंगाच्या रकान्यात "ग्रे" लिहिलंय, जुना पत्रा खरवडला तर हिरव्यावर खरंच राखाडी थर आहे. त्यामुळे तो प्रश्न त्यांनीच सोडवून ठेवलेला.

बुकाबरोबर एक वही पण मिळाली, ऑइल कधी बदललं, कुठल्या मेळ्याला किती किलोमीटर, बॅटरी कितीला घेतली. पहिल्याच पानावर लाल पेन्सिलने, "डाव्या चाकाचे नट उलट आट्याचे. विसरू नये." मी आणि भाऊ दोघं वाचून बराच वेळ गप्प बसलो, मग वडील इतके हसले की भंगारवाल्याचा विषय तिथेच संपला. भाऊ अजून डिझेलवर अडून आहे पण ब्रेकचे सिलिंडर काढायला तोच पुढे असतो.

इंजिन: तीन सिलिंडर मोकळे, चौथ्यात अजून तेल मुरतंय. हँडल इंचभर हलतं.

आता प्रश्न एकच, ते दोन स्टड कुठे मिळतील? कराड, सातारा, कोल्हापूर फिरलो, सगळे सरळ आट्याचे देतात आणि वर म्हणतात चालतंय की.

कागदोपत्री

चेसी नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी जुळत असतील तर तुमची बाजू भक्कम. राज्याची समिती तपासायला येईल तेव्हा वहीची झेरॉक्स पण लावा, गाडी किती जुनी अशीच आहे हे दाखवायला त्यापेक्षा चांगला कागद नाही. त्या गेलेल्या दोन आकड्यांवर मात्र कोणाकडूनही परत ठोकून घेऊ नका, आहेत तसे राहू देत, फोटो काढून ठेवा.

कार्बोरेटर_काका

सरळ आट्याचे लावू नकोस, चालत नाही. माझ्याकडे पाच पडलेत डब्यात, दोन देतो, पैसे नकोत, व्यनि (खाजगी निरोप) कर पत्ता. चौथ्या सिलिंडरला अजून आठ दिवस दे. आणि तोपर्यंत कोंबड्यांची दुसरीकडे सोय कर.